सातव्या खोलीला दिलेला शब्द

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. गेल्या वर्षीची गोष्ट. बाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे सहा.

बाबा टेकडीवरच्या जुन्या बौद्ध मठाचे राखणदार. पडका स्तूप, पाण्याचं दगडी टाकं आणि भिक्खूंच्या बारा रिकाम्या खोल्या. एकतीस वर्षं ते रोज सहाला खोल्यांची जाळीची दारं लावायचे आणि प्रत्येक दाराला सांगायचे, "येतो."

मी शेजारच्याच संग्रहालयात खापरांवर नंबर घालायचे. "आत कोण बसलंय ऐकायला?" असं त्यांना चिडवायचे.

"कोणी नसलं म्हणून काय 'जातो' म्हणायचं?"

त्या दिवशीही म्हणाले. सातव्या खोलीपाशी...

आतून आवाज आला. "बरं. बसतो मी."

मीही ऐकला. आत नुसता दगडी ओटा होता.

दुसऱ्या दिवसापासून सहा वाजले की बाबा चपला घालायचे. "तो बसलाय गं. मी शब्द दिलाय."

जेवण तुटलं. महिन्याभरात अंग निम्मं झालं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, चढ चढू देऊ नका. मी घराच्या दाराला कुलूप घातलं, तर चपला घालून दाराशीच बसून राहायचे. माझा जीव टांगणीला लागला. आई गेल्यापासून मला त्यांच्याशिवाय होतं कोण?

शेवटी एका दुपारी मीच त्यांना धरून, थांबत थांबत वर सातव्या खोलीपाशी नेलं.

"बाबा, त्याला 'जातो' म्हणा."

"जन्मात कधी म्हटलं नाही गं."

"म्हणा."

त्यांनी जाळी ढकलून उघडली. "...जातो."

टाक्यात पाण्याची बारीक धार पडत असते.

ती थांबली...

वारा नाही. पाखरू नाही.

मग बाबांनी मोठा श्वास सोडला. "भूक लागली," म्हणाले.

मला रडूच फुटलं. त्यांना खाली पायरीवर बसवलं, परत येऊन जाळी ओढून घेतली आणि घाईत, सवयीने, तोंडातून निघून गेलं, "येते हं."

आत ओट्यावर कोणीतरी सरकून जागा केली...

"बरं. बसतो मी."

बाबा आता पोटभर जेवतात, शेजाऱ्यांशी वाद घालतात. मी ती नोकरी सोडली. तरी सहा वाजले की माझ्या पायात चपला असतात. कधी घातल्या, कळत नाही.

बाबांना हे सांगितलेलं नाही. सांगितलं, तर मला सोडवायला ते पुन्हा वर जातील.