भिंतीकडची बाजू

सकाळी चर्चची नऊची घंटा झाली की ल्यूट हे तंतुवाद्य अंथरुणात जायचं. पॅरिसमध्ये ज्याच्याकडे बरं ल्यूट आहे त्याच्या घरी हेच चालायचं, त्यात कुणाला नवल वाटत नसे. मेंढीच्या आतड्याच्या ताती हवेतली ओल पितात आणि सुरातून उतरतात, पाठीच्या पातळ पट्ट्यांचा सरस सुटतो. म्हणून माणूस उठून गेलेल्या, अजून ऊब असलेल्या अंथरुणात ते ठेवायचं, वर लोकरीचं पांघरूण घालायचं, आणि वाजवायच्या वेळीच बाहेर काढायचं.

देनीजला याचं हसू आलं ते लग्नानंतर पहिला आठवडाभर. बाप नदीपलीकडे बिएव्र नाल्याकाठी ताती वळायचा, त्यामुळे ल्यूटवाल्यांचे चोचले तिला लहानपणापासून माहीत होते. पण तिच्या नवऱ्याच्या, मास्तर फ्लोराँच्या घरी ल्यूट रात्रीसुद्धा पलंगावरच असे. पेटीत घालून, मधोमध. दाराच्या बाजूला मास्तर, मध्ये ल्यूट, आणि पलीकडे देनीज. पलीकडे म्हणजे नदीवरची दगडी भिंत. नोव्हेंबर लागला की ती भिंत घाम गाळायची.

"भिंतीची ओल ल्यूटला लागता कामा नये," मास्तरांनी पहिल्याच रात्री सांगितलं. "मध्ये माणूस हवं."

"आणि माणसाला लागली तर?"

"माणसाला ताती नसतात," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

ल्यूट होतंही तसंच. शंभर वर्षांपूर्वी बोलोन्यात घडवलेलं, आणि गेल्याच हिवाळ्यात जुनी दांडी कापून नवी, रुंद दांडी बसवलेलं. तबली, म्हणजे तोंडावरची लाकडी फळी, इतकी पातळ की उजेडाकडे धरली तर आतले आडवे दांडे दिसत. खोलीत शेकोटी होती, पण तिचं तोंड मास्तरांनी विटांनी बुजवून घेतलं होतं. विस्तवाच्या धगीनं जुनं लाकूड तडकतं म्हणे. त्या एका वाद्यापायी घरात स्वयंपाकघर सोडून कुठंच विस्तव नव्हता.

ल्यूटचे पडदे बांधायचं काम देनीजकडे आलं, कारण त्यात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. दांडीवर नऊ पडदे. तात दोन वेढे गुंडाळायची, गाठ मारायची, कचकचून ओढायची, आणि उरलेली टोकं निखाऱ्यानं जाळायची. जळलेलं टोक फुगतं आणि गाठ सुटत नाही. निखारा ती चिमट्यात धरून स्वयंपाकघरातून वर आणायची आणि काम झालं की लगेच खाली न्यायची. मास्तर तोवर दारात उभे राहून चिमट्याकडे बघत असायचे.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी मास्तर वाजवायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला थांबले.

"चौथा पडदा कुणी हलवला?"

"कुणी नाही. हवा ओली आहे, सैल पडला असेल."

"तुझ्या बापाकडे नुसत्या ताती वळायला शिकवतात वाटतं. बांधायला नाही."

तिनं पडदा चाचपला. सैल नव्हता, घट्ट होता. फक्त गाठ तिची नव्हती. ती उजवीकडून वेढा घ्यायची, हा वेढा डावीकडून घेतलेला होता. हात एकदा वळला की त्याला उलटी गाठ जमत नाही, हे ताती वळणाऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला नको. पण थंडीनं बोटं बधिर असतात, झालं असेल काहीतरी, असं म्हणून तिनं तो कापला आणि नवा बांधला.

त्या आठवड्यात तीन पडदे उलटे झाले. पुढच्या आठवड्यात सहा.

"बार्ब, माझ्या मागं वर कोण जातं?"

बार्ब ही घरातली जुनी मोलकरीण. ती चुलीपाशी कांदे चिरत होती. "मी नाही बाई. माझे गुडघे जिना चढतात का?"

"मग ही गाठ कुणाची?" देनीजनं कापलेला पडदा पुढे केला.

बार्बनं तो हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला, सुरी खाली ठेवली आणि एप्रनला हात पुसत राहिली. "पेरेतबाई डावखुऱ्या होत्या," ती म्हणाली.

पेरेत म्हणजे मास्तरांची पहिली बायको. गेल्या फेब्रुवारीत छातीच्या दुखण्यानं गेली, एवढंच देनीजला सांगितलं होतं. बाकीचं तिनं त्या दिवशी बार्बकडून काढून घेतलं. ल्यूटला नवी दांडी तेव्हाच बसवली होती, सरस पुरता वाळला नव्हता. पेरेतला ताप चढला होता, अंग तव्यासारखं तापलेलं. मास्तर म्हणाले, बरंच झालं, आता अंथरूण चांगलं गरम राहील. ल्यूट तिच्या कुशीत ठेवलं. चौथ्या दिवशी ताप उतरून तिला हुडहुडी भरली, तेव्हा तिनं शेगडी मागितली.

"दिली का?"

"तीन दिवस मागत होत्या," बार्ब म्हणाली. "मी निखारे भरून जिन्यापर्यंत गेले होते बाई. मास्तरांनी परत पाठवलं. मी परत आले. माझंही चुकलंच की."

देनीजला तिथंच रडू फुटलं. पेरेतसाठी होतं ते, आणि स्वतःसाठीही, कारण गेले आठ दिवस तिलाही कोरडा खोकला लागला होता आणि पहाटे कूस बदलली की छातीत डावीकडे टोचत होतं. पेरेतच्या जागेवर, पेरेतच्या उशीवर ती झोपत होती. फेब्रुवारी अजून यायचा होता.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं. सरळ विचारलं. "अहो, वर एक लहान शेगडी ठेवूया. कोपऱ्यात. माझा खोकला बघताय ना तुम्ही?"

"ईस्टरला डचेसच्या वाड्यावर वाजवायचंय मला," मास्तर सूप ओरपत म्हणाले. "ते जमलं तर जन्माची नेमणूक आहे. ईस्टरनंतर बघू."

"तोवर मी नसले तर?"

"तबली तडकेल," ते म्हणाले. आणि पाव मोडला.

देनीज भाबडी नव्हती. भूतखेत मानणाऱ्यांतली तर मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तर शिकवणीला गेल्यावर तिनं सगळे नऊ पडदे कापले, नवे बांधले, टोकं जाळली. प्रत्येक गाठ बोटानं चाचपून पाहिली. ल्यूट अंथरुणात ठेवलं, निखारा खाली नेऊन चुलीत टाकला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवून दारासमोरच्या पायरीवर जाऊन बसली. हातात विणकाम घेतलं. भर दुपार होती. खालून गाढवांच्या घंटा आणि कोळणींची भांडणं ऐकू येत होती.

तासाभरानं वास आला.

तो वास तिच्या जन्माचा ओळखीचा होता. जळलेली तात. केस जळावा तसा, पण जरा मांसाचा.

तिनं कुलूप काढलं. खोली बर्फासारखी गार होती. विटा जागच्या जागी. खिडकीची कडी आतून लावलेली.

पांघरूण तिनं घातलं होतं तसंच. खाली ल्यूट. नऊ पडदे, नऊ गाठी, सगळ्या डाव्या हाताच्या.

तिनं पहिल्या गाठीच्या टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

टोक अजून तापलेलं होतं. बोटाला फोड आला.

देनीज पलंगाच्या कडेवर बसली. पळून जावंसं वाटलं नाही तिला, याचंच तिला पुढे नवल वाटायचं. तिला राग आला होता, आणि तो पेरेतचा नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून हळू बोलली.

"ताई, ही जागा तुमची नव्हती. माझीही नाही. ज्याची आहे त्याला देते."

मग तिनं आपली उशी उचलली.

त्या रात्रीपासून ती खाली चुलीपाशी झोपू लागली. खोकला मास्तरांना लागला तर ईस्टरचं काय, एवढं बोलल्यावर मास्तरांनीच तिला खाली जायला सांगितलं. पण भिंत आणि ल्यूट यांच्यामध्ये माणूस हवं होतं. ते स्वतः पलीकडे सरकले. ल्यूटसाठी ते काहीही करायचे, हे मान्य करायलाच हवं.

पंधरा दिवसांत देनीजचा खोकला गेला.

आणि ल्यूट असं बोलायला लागलं की शिकवणीची माणसं जिन्यात उभी राहून ऐकू लागली. खुंटी पिळायला लागत नव्हती. पडद्यांना हात लावायला लागत नव्हता. सकाळी पांघरूण काढावं तर तातींच्या अकराच्या अकरा जोड्या सुरात. "आता कुठं तुला बांधता यायला लागलं," मास्तर म्हणाले. देनीजनं डिसेंबरनंतर एकही पडदा बांधला नव्हता. तिनं तसं सांगितलं नाही.

ईस्टरला मास्तर डचेसच्या वाड्यावर वाजवून आले. नेमणूक मिळाली. घरी आले ते दातावर दात आपटत.

एप्रिल होता. रस्त्यावर लोक अंगरखे काढून फिरत होते. मास्तर दोन रजया घेऊन भिंतीकडे पडून राहिले. देनीजनं पांघरुणात हात घातला. ल्यूटच्या बाजूला ऊब होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. मास्तरांची बाजू ओली आणि गार होती.

"देनीज," ते म्हणाले. "एक शेगडी आण. लहानशी. कोपऱ्यात ठेव."

बार्ब दारात उभी होती. ती लगेच वळली, तसा देनीजनं तिचा दंड धरला.

"तबली तडकेल," देनीज म्हणाली.

मास्तर तीन दिवस मागत होते.

दफन झाल्यावर देनीजनं शेकोटीच्या विटा काढून घेतल्या आणि ओंडके रचून जाळ केला. तबली तडकली नाही. तिला केसाएवढी चीरसुद्धा पडली नाही. ऐकून-पाहून वाजवायला शिकलेली ती आता त्याच खोलीत शिकवणी घेते. शेकोटीजवळ तिनं आपली वेगळी खाट टाकली आहे. मोठ्या पलंगावर कुणी झोपत नाही. तिथं मधोमध फक्त ल्यूट असतं, सदा कोरडं, सदा सुरात.

भिंतीच्या बाजूला गादीत एका थोराड माणसाएवढा खळगा पडला आहे. गादी उलटून घातली, नवा कापूस भरला, तरी सकाळपर्यंत तो पुन्हा पडतो, आणि तिथली चादर पिळून काढावी इतकी ओली असते. आणि रोज सकाळी पांघरूण चार बोटं शेकोटीकडे सरकलेलं असतं, भिंतीकडच्यानं विस्तवाकडे सरकू पाहिल्यासारखं.

देनीज आधी ल्यूट उचलून बाजूला ठेवते. मग पांघरुणाचं टोक धरते आणि ते पुन्हा भिंतीपर्यंत ओढून नीट खोचते.