हळदीच्या बोटांचा पास

चेंडू माझ्या टेबलावर आदळला आणि चहाचा पेला सामन्याच्या नोंदीवर कलंडला. मी दचकून मान वर केली. समोर एक मुलगी धापा टाकत उभी होती. कपाळाला चिकटलेले केस, आणि ओठांत दाबून धरलेले हसू...

"लागलं का ओ, मास्तर?"

"कागदाला लागलं."

हे आपणच बोललो यावर माझा विश्वास बसेना. मी सहसा बोलतच नाही. तिने चेंडू काखेत धरला आणि जर्सीच्या टोकाने माझा कागद हलकेच टिपला.

"मग कागदाला सांगा, प्रियदर्शनीचं चुकलं म्हणून."

त्या कागदावरचा चहाचा डाग मी आजही जपून ठेवला आहे.

मी दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि संध्याकाळी हिंगोलीच्या 'कयाधू क्वीन्स' या व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या नोंदी ठेवतो. पास वाया गेला, तर चूक देणारीची की घेणारीची हे ठरवायचे आणि त्या नावापुढे खूण करायची, हे माझे काम. प्रशिक्षक अशफाक सर त्या खुणांवरूनच संघ निवडत.

पहिल्या अकरा सामन्यांपैकी नऊ आम्ही जिंकलो. त्यामागे नरसीची प्रियदर्शनी होती, आणि कळमनुरीची उंच, शांत रुबीना. प्रियदर्शनी भलतीकडेच पाहत पास देई, आणि जिथे तो जाई तिथे रुबीनाचे हात आधीच पोहोचलेले असत. दोघी एकाच डब्यातून जेवत. भांडणही एकाच घासावरून.

सामना संपला की प्रियदर्शनी टेबलाशी थबके.

"आज माझ्या नावापुढं किती चुका, मास्तर?"

"एक."

"कोणती?"

"...आठवत नाही."

"खोटं बोलून राहिले! तुमाला न्हाई आठवत, असं व्हतं का कधी?"

मी कागदात डोके खुपसे. ती हसत निघून जाई, आणि त्यानंतरचा बराच वेळ मला कुठलीही बेरीज जमत नसे.

फेब्रुवारी सरत आला आणि शिवारात हळद शिजू लागली. तो उग्र, मातकट वास थेट मैदानापर्यंत येई. घरची हळद काढून प्रियदर्शनी पिवळ्या बोटांनी सरावाला येऊ लागली. नेमके तेव्हापासून आम्ही हरू लागलो. एक सामना, दुसरा... सलग पाच. जिथे पास पोहोचे तिथे रुबीना नसे. जिथे रुबीना असे तिथे पास येत नसे.

अशफाक सरांनी माझे कागद सर्वांसमोर वाचले.

"रुबीना, या पाच सामन्यांत सतरा पास सुटले तुझ्या हातून. शेवटच्या सामन्यात तू बाहेर बसशील. पुढच्या हंगामाचं... मग बघू."

त्या 'मग बघू'चा अर्थ सर्वांनाच कळला. त्या संध्याकाळी रुबीनाने आपला डबा वेगळा उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रियदर्शनी महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत होती. हसत नव्हती. तिने मोबाइलवर हरलेल्या सामन्यांच्या चित्रफिती लावल्या.

"ह्यो पास बघा. कुठं गेला?"

"रुबीनाच्या पाठीमागे."

"मग चूक कुणाची?"

"...तुझी."

"कागदावर कुणाच्या नावाची हाय?"

मी पिशवीतून कागद काढले. रुबीना. तिने पुढचा पास दाखवला. रुबीना. त्याच्या पुढचा... रुबीना. सतरापैकी बारा पास प्रियदर्शनीने चुकीचे दिले होते, आणि त्या बाराही खुणा माझ्या रेखीव हस्ताक्षरात भलत्याच नावापुढे उभ्या होत्या.

मला त्यातली एकही खूण जाणूनबुजून केल्याचे आठवेना. खोटे लिहिणारा मनुष्य निदान स्वतःचे खोटे ओळखतो. मला तेही समजले नव्हते.

"काहून केलं असं?" तिने विचारले.

"तुझ्या नावापुढे... माझा हात जात नसावा," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासूनच."

तिने मोबाइल बंद केला.

"आन् तिच्या नावापुढं बरा गेला? माझ्यापाई माझी मैतरीण बुडवा, असं मी म्हटलं व्हतं तुमाला?"

मी मान खाली घातली, तेव्हा तिचे बोट मला प्रथमच नीट दिसले. पिवळ्या रंगाखाली ते निळे पडले होते, सुजले होते.

"हे काय?"

तिने झटकन हात मागे घेतला. "हळदीच्या कढईवर मुरगाळलं. सांगितलं असतं, तर सरांनी बसवलं असतं." मग हळूच म्हणाली, "मीबी लपवलं. आता दोघंबी सांगू. चला."

ज्या मनुष्याला वर्गात हजेरी घेतानाही घाम फुटतो, त्याने त्या संध्याकाळी संपूर्ण संघासमोर उभे राहून सर्व सांगितले. चूकही, कारणही. मैदानावर चेंडू टप्पे खात खात थांबला, तरी कोणी तो उचलला नाही.

अशफाक सरांनी कागद मिटून टेबलावर ठेवले. "मास्तर, डोळे मिटून भरोसा केला होता तुमच्यावर..."

रुबीना माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"वा, मास्तर! मोहब्बत तुमची, और सजा मेरेकू?"

प्रियदर्शनी रडत होती. रुबीनाने तिचा सुजलेला हात ओढून पाहिला, "पागल है तू," म्हणाली, आणि स्वतःच्या रुमालाने ते बोट शेजारच्या बोटाशी घट्ट बांधू लागली.

सरांनी रुबीनाला संघात परत घेतले, बोट बांधून का होईना प्रियदर्शनीला खेळू दिले, आणि शेवटचा सामना मीच नोंदवावा, असे फर्मावले. "एकही खूण वाकडी गेली, तर हा कागद तुमचा शेवटचा."

त्या दिवशी मी प्रियदर्शनीच्या नावापुढे चार खुणा केल्या. एकही खोडली नाही. आणि अखेरच्या क्षणी, एका गुणाने मागे असताना, प्रियदर्शनीने डावीकडे पाहत चेंडू उजवीकडे फेकला. तिथे रुबीनाचे हात होते. तिने चेंडू जाळीत टाकला. आम्ही जिंकलो.

गर्दी ओसरली, तेव्हा प्रियदर्शनी टेबलाशी आली. पिवळे बोट माझ्या कागदावर फिरले.

"चार. बराबर." मग तिसऱ्या खुणेवर ते थांबले. "ही कशानं झाली, ते न्हाई लिवलं?"

"कारणाचा रकाना नसतो."

"मग पाडा की."

"काय लिहू त्यात?"

"लिवा... पास देताना पोरगी टेबलाकडं बघत व्हती."

माझ्या हातातून पेन्सिल निसटली. ती गडगडत तिच्या बुटापाशी जाऊन थांबली, आणि मला वाकून ती उचलण्याचेही भान राहिले नाही.

मागून रुबीनाची हाक आली. "मास्तर! ये गलती किसके नाम पे?"

प्रियदर्शनीने पेन्सिल उचलून माझ्या हातात ठेवली. पण हात मागे घेतला नाही.

"अर्धी-अर्धी," ती म्हणाली.

कागदाच्या कडेला हळदीचा एक पुसट ठसा उमटला होता. त्याच्याच शेजारी मी नवा रकाना पाडू लागलो.