वाळूतलं वल्हं

ओट्यावरचं झाकण खण्णकन खाली पडलं आणि दुपारची सगळी शांतता फुटली. आतल्या खोलीत लेक कूस बदलून पुन्हा झोपली. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या तिच्या आईचा हात दचकायचा तो दचकलाच. कुंचल्यातून निळा टपोरा थेंब सुटला आणि थेट डोंगरमाथ्यावर जाऊन बसला.

"झालं कल्याण!" ती पुटपुटली.

सात बेटांच्या त्या देशाचा नकाशा उद्याच द्यायचा होता. देश जगात कुठेच नव्हता. मुलांच्या एका पुस्तकासाठी कुणीतरी तो मनातून उभा केला होता. त्या कुणाला तिने पाहिलं नव्हतं. प्रकाशककाकांकडून नुसते हाताने लिहिलेले कागद यायचे. वाऱ्याच्या बेटावर बोललेलं ऐकू यायला एक दिवस लागतो, म्हणून तिथली माणसं उद्याचं भांडण आजच करून ठेवतात... असलं काहीबाही. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. एकटीने खुदकन हसावं, असं त्यानंतर या कागदांनीच काय ते घडवलं होतं.

थेंब पुसला जाईना. शेवटी तिने तिथे नदीच फुगवून टाकली. आता नदी डोंगरावर चांगली रुंद आणि समुद्राशी येता येता दोऱ्याएवढी.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांच्या कचेरीत कागदाच्या गठ्ठ्यावर बसून एक जण छत्रीच्या तारेशी झटापट करत होता. बाहेर भुरभुर चालू होती.

"जरा मूठ धरता?" त्याने मान वर न करताच विचारलं.

तिने धरली. "बाइंडिंगवाले का तुम्ही?"

"आज काहीही समजा. फक्त सोडू नका—"

तार बसली. दोघांचे हात ओले झाले होते. तिने नकाशाची गुंडाळी सोडली, तसा तो वाकून बघायला लागला आणि बघतच राहिला.

"ही नदी..."

"हळू बोला हो! चुकली आहे, माहितीये मला. लेखक शाळेत भूगोल शिकवतात म्हणे. बघितलं तर कच्ची खातील."

"मीठ लावून खातात की बिनमिठाची?"

तेवढ्यात आतून काकांचा आवाज आला, "अरे भूगोल, भेटलास का आमच्या चित्रकारबाईंना?"

तिचा चेहरा कानापर्यंत तापला. तो मात्र खिशातली पेन्सिल काढून एका पाकिटाच्या पाठीवर लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने ते तिच्यापुढे धरलं: *या देशातली नदी संध्याकाळी समुद्राकडून डोंगराकडे चढते. त्यामुळे दिवसभर दमलेल्या नावाड्यांना घरी जाताना वल्हवावं लागत नाही.*

"चालेल?"

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. तिची चूक दाखवणारे तिला खूप भेटले होते. त्या चुकीवरून दमल्याभागल्यांना घरी पोचवणारा हा पहिलाच.

मग कचेरीतला दर बुधवार त्या देशाचा झाला. शाळा सुटली की लेकही यायची आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून फर्मानं सोडायची.

"ओहोटीला वर येतं ना, ते बेट कुणाचंच नको. तिथे फक्त खेळायचं!"

"जशी आज्ञा, सरकार," म्हणत तो खरंच लिहून घ्यायचा. पोरीचं बोलणं तो मध्ये तोडत नसे, वाक्य अडखळलं तर वाट बघत असे. तिची आई खोडरबर शोधायच्या निमित्ताने ते बघून घेई... आणि त्याला ते कळलंय, हेही तिला कळे.

पुस्तक संपत आलं, तेव्हा एका सोमवारी त्याने शेवटचं पान कचेरीत स्वतः आणून दिलं.

"लांबच्या एका शाळेने बोलावलंय. मुख्याध्यापक म्हणून. शनिवारी होकार कळवायचाय."

"अरे वा!" ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "मग... जायचंच की."

"कुणी थांबवलं नाही तर जायचंच."

"कोण थांबवणार तुम्हाला?"

"तेच तर—" तो छत्री उघडत म्हणाला. "चित्र शुक्रवारी मिळेल?"

घरी येऊन तिने पान वाचलं. *या देशात दूर निघालेला माणूस आदल्या दिवशी आपलं वल्हं धक्क्याजवळच्या वाळूत रोवून ठेवतो. त्याने जाऊ नये असं ज्याला वाटतं, त्याने ते उपटून आपल्या घरी न्यायचं. बोलायचं काही नाही. वल्ह्याशिवाय कोण कुठे जातंय?*

तीन दिवस कागद कोराच राहिला. लोक काय म्हणतील, लेकीला काय सांगायचं... आणि कपाटात अजून घडी घालून ठेवलेला नवऱ्याचा तो शर्ट? गुरुवारी दुपारी तिने कपाट उघडलं, शर्टावरून हात फिरवला, घडी नीट केली. मग कपाट हळूच लावलं आणि कुंचला भिजवला.

शुक्रवारी लेकीला सुट्टी होती. मायलेकी दोघी कचेरीत गेल्या. त्याने चित्र खिडकीपाशी नेलं. संध्याकाळ, धक्का, डोंगराकडे निवांत चढणारी एक होडी. वाळूत मात्र नुसतंच एक ओलं भोक. तिथून पावलं निघाली होती, एक जोडी मोठी, एक अगदी छोटी. ती दिवा लागलेल्या एका दारापर्यंत गेली होती.

"वल्हं काढायचं राहिलं," तो अगदी हळू म्हणाला.

"राहिलं नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग खिशातलं होकाराचं पाकीट चौघडी करून काकांच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं.

"काय रे भूगोल, डोळ्यांत काय गेलं?" काकांनी विचारलं.

"वाळू."

लेक टाचा उंचावून चित्रात डोकावत होती. छोट्या पावलांवर तिने बोट ठेवलं.

"ही माझी ना गं?"

आईने नुसती मान हलवली. वर बघायची सोय नव्हती. समोरून कुणीतरी हसत होतं.

"आई," लेक म्हणाली, "मग वल्हं भूगोलकाकांना परत कधी द्यायचं?"