तारेच्या टोकाचं घर

नागपूरच्या वीज नियंत्रण कक्षात मे महिन्याच्या त्या दुपारी 'दाबरक्षक' पहिल्यांदाच एकट्याने काम करणार होता. भार वाढला की आजवर अख्ख्या वस्तीची वीज तोडावी लागे. हा नवा प्रोग्राम मीटरमधूनच एखाददुसरं घर तोडून बाकीची वाचवणार होता. मुख्य अभियंता मनोहर देवतळे यांनी मंजुरी देताना अट घातली होती: घर कुणाचं, हे त्याला कळता कामा नये, आणि त्याचा निर्णय फिरवणारं बटण कुणाच्याही हाताशी असता कामा नये.

"नाहीतर पहिला फोन नगरसेवकाचा येतो," ते म्हणाले होते. "दवाखाने वगळा. बाकी माझं घरसुद्धा सारखंच."

पडद्यावर सुदर्शन कॉलनीची तार लाल झाली. टोकाला विद्युतदाब दोनशे तीसऐवजी एकशे ऐंशी व्होल्ट. देवतळे पुढे सरकले. त्यांचे आईवडील तिथेच राहत. वडिलांना ऑक्सिजनचं यंत्र सतत लागे.

"कुठलं घर निवडेल हा?"

प्रोग्राम लिहिणाऱ्या डॉ. वृंदा उईके यांनी खुर्ची वळवली. "जे एक घर तोडल्यावर कॉलनीचा दाब सर्वांत जास्त सुधारेल, ते. सर, तारेलाही रोध असतो. जितका प्रवाह मोठा आणि तार लांब, तितका दाब वाटेतच खर्च होतो. पहिल्या घराचा प्रवाह दोन खांब चालतो. शेवटच्या घराचा सगळी तार तुडवत जातो."

"पण त्या घरात फारसं काही चालू नसेल तर?"

"मग सुटेल बहुतेक. फक्त स्टॅबिलायझर नको." वृंदा हसल्या. "फार हावरट असतो तो. बाहेर दाब पडला की आत दोनशे तीस टिकवायला जास्त प्रवाह ओढतो. त्याने दाब आणखी पडतो, मग हा आणखी ओढतो. टोकाला असा मोठा डबा बसवणारा एखादा शहाणा असला, की शेजाऱ्यांचं कल्याणच!"

कक्षात हशा पिकला. देवतळे हसले नाहीत. यंत्राला कमी दाबाची झळ नको म्हणून मागच्याच महिन्यात त्यांनी आईकडे घरभर पुरेल एवढा स्टॅबिलायझर बसवून दिला होता. ते घर कॉलनीतलं शेवटचं होतं.

"थांबवा. वृंदा, थांबवा त्याला!"

"कशाने, सर? बटण तुम्हीच नको म्हणालात."

तार हिरवी झाली. खाली अक्षरं उमटली: एक घर खंडित. दाब पूर्ववत. पुनर्जोडणी तासाभराने. मागच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

देवतळ्यांच्या खिशातला फोन थरथरला.

"मनू," आई म्हणाली. तिच्या मागे ऑक्सिजनच्या यंत्राची धोक्याची शिटी एकसारखी वाजत होती. "काहून रे, साऱ्या कॉलनीत लाईट आहे, अन् आपल्याच घरची कशी गेली?"