नवा पंप का बोंबलला

गॅरेजचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात देवेशचा फोन आला.

"चाचा, पंप पुन्हा बोंबलतोय! तुमच्या अरबाजनं नवा पंप बाहेर विकला आणि पाणी प्यालेला जुना पंप माझ्या गाडीत घातला. पोलिसांत तक्रार देऊन आलोय मी."

जमालचा हात शटरवरच राहिला. अरबाज त्याचा पुतण्या, गॅरेजात त्याच्याच हाताखाली काम करायचा. कुवेतची नोकरी ठरली होती, फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता. डोक्यावर तक्रार असताना दाखला कोण देणार?

हत्यारं उचलून तो दहिवलीला देवेशच्या अंगणात पोचला. देवेश जमिनीचे प्लॉट विकायचा. गाडी भारीतली, झेंडूचा हार अजून तसाच. ओटीवर त्याचा बाप नागू बसला होता, जमालचा जुना दोस्त. आज त्यानं मान वर केली नाही.

जमालनं थंड गाडी सुरू केली. बंपरच्या मागून घरघर आली, मग किंचाळी. थोड्या वेळानं सगळं शांत. पिवळा दिवा मात्र पेटलेलाच. हा पंप गाडी थंड असतानाच चालतो. मिनिटभर धुराच्या नळीत ताजी हवा सोडतो, धुरातलं विष कमी करतो आणि झोपतो.

त्यानं पंप खोलून बाहेर काढला.

"ही बघ माझी खूण. बसवायच्या आधी मीच छिन्नीनं काढलेली. पंप नवाच हाय."

"खूण तुमची, छिन्नी तुमची. जुन्यावरही काढाल!"

जमालनं पंप उलटा केला. मातकट पाणी गळलं, मागून बारीक वाळू. हवा ओढायच्या नळीत भाताच्या पेंढ्याची काडी अडकली होती.

"दसऱ्याला गाडी कुणी धुतली?"

"सर्व्हिसिंगवाल्यानं. घरचं कुणी हात लावत नाही."

"नागू, तुला येते ना चालवायला?"

"टॅक्टर येतो. ह्या गाडीचं मला काय इचारतोस?"

"दसऱ्याला नदीला पाणी किती होतं रं?"

"मांडीएवढं," नागू बोलून गेला आणि त्यानं ओठ मिटले.

जमाल ओटीच्या पायरीवर टेकला.

"धुराकडची झडप नासली असती तर पंपात काजळीचं काळं पाणी आलं असतं. हे नदीचं हाय. पण गरम गाडी नदीतून नुसती गेली, तर पंप पाणी ओढत नाय, तेव्हा तो चालतच नाय. म्हणजे गाडी पाण्यात उभी होती. पार थंड झाली आणि तिथंच पुन्हा सुरू केली. इतका वेळ नदीत गाडी कोण ठेवील? पेंढ्याच्या बोळ्यानं कोण घासील? ज्यानं जन्मभर बैल धुतले तो. काय नागू?"

नागूचे डोळे भरले. "हार घालायच्या आधी आंघोळ नको? बैलांना घालीत होतो, तशी घातली. निगताना पोटातनं रडाया लागली रं..."

"बघा!" देवेश उसळला. "बाबांचे उद्योग. मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक होतं. जुना पंप झिजून गेलेला, पाण्यानं नाय. आणि हा मी आत्ता खोलला. तो पाणी प्यालाय हे तू सकाळीच फोनवर बोललास."

देवेशनं इकडंतिकडं पाहिलं. "लोकांना काय सांगू, बाप गाडी नदीत घालतो? गिऱ्हाईकं तोंडावर हसतील."

"म्हणून माझ्या पोराला चोर केलंस. आणि तू, नागू? ऐकत बसलास?"

"घर त्याचं हाय, जमाल," नागू पुटपुटला.

देवेशला गाडीत घालून जमाल ठाण्यावर गेला. तक्रार मागे घ्यायला लावली. अरबाज बाहेर भिंतीला टेकून उभा होता. सकाळी शिपाई त्याला घेऊन आला होता.

"सुटलास रं. आता कुवेतच्या एजंटला फोन लाव, दाखला येतोय म्हणून सांग."

"त्यानं जागा दुसऱ्याला दिली, चाचा."

"त्याला तक्रारीचं सांगितलं कुणी?"

"मीच. कागदाला उशीर का, असं इचारलं त्यानं. खोटं कसं बोलणार होतो?"