ग्राफखालची टीप

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण रीनाताई माझी मावसबहीण, आणि भुताखेतांचं नाव काढलं की ती पोट धरून हसायची.

आता हसत नाही.

एप्रिल २००८. देवरी तालुक्यातलं एक आरोग्य कार्यालय. भर दुपारचे दोन. ताई तिथे कंत्राटावर आकडेवारीचं काम करायची. बाळंतपणात दगावलेल्या आया आणि बाळांचा वर्षाचा ग्राफ चारपर्यंत जिल्ह्याला गेला नाही, तर नवीन कंत्राट विसरा, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

ग्राफ तयार होता. वर शीर्षक, खाली टीप. पण चित्र म्हणून एक्सपोर्ट केला की दोन्ही गायब! नुसते खांब उरायचे.

बरंच डोकं खाजवल्यावर चूक सापडली. शीर्षक आणि टीप तिने ग्राफच्या बाहेर, वेगळ्या चौकटीत टाकली होती. ती आत घेतली. पुन्हा एक्सपोर्ट.

शीर्षक आलं. टीपही आली...

पण ती तिची टीप नव्हती.

तिने लिहिलं होतं, 'माहिती ३१ मार्चपर्यंतची.' चित्रात होतं, 'धुरपता मोजायची राहिली.'

सगळे जेवायला गेले होते. एवढा वेळ खडखडणारा कूलर बंद पडला होता... आणि डोक्यावरचा पंखा मात्र फिरत होता.

तिने चित्र पुसून पुन्हा बनवलं. तीच ओळ.

धुरपता कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं. चिचगड गावाकडची. तीस मार्चला बाळंतपणात गेली. तिच्या मृत्यूचा फॉर्म पोचला दोन एप्रिलला. जुनं वर्ष बंद झालेलं, नव्यात मार्चची तारीख चालत नाही. असे उशिरा आलेले कागद तिथे खालच्या ड्रॉवरात जायचे. ताईनेही तेच केलं होतं.

तिने धीर करून ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला. आकडा एकाने वाढवला. मार्चचा खांब वर सरकला. एक्सपोर्ट.

टीप बदलली होती...

'आणि पोरगी?'

फॉर्मवर तर 'बाळ मेलेलं जन्मलं' असं होतं. तशी बाळं या ग्राफात धरत नसत. ताईने चिचगडच्या नर्सला, पुष्पाबाईंना, फोन लावला.

"बाई, धुरपताचं बाळ मेलेलंच जन्मलं होतं ना?"

पलीकडे रडणं फुटलं.

"तुले कोनं सांगतलं वं? जित्ती होती पोरगी. घंटाभर रडून राहिली होती. दोन मरणं दिसली तं चौकशी लागन, म्हनून तसं लिवलं मी..."

ताईने पोरीचाही आकडा टाकला. या वेळी खाली तिची स्वतःचीच टीप आली. ग्राफ चारच्या आत गेला. आकडे कोणाला विचारून वाढवले, म्हणून साहेब भडकले आणि कंत्राट गेलंच. त्याचं तिला दुःख नाही.

ती आता गोंदियात दुसऱ्या ऑफिसात आहे. आजही एक्सपोर्ट केलेलं चित्र उघडताना खालचा भाग ती हाताने झाकते. मी एकदा विचारलं, "आता काऊन भितेस वं? दोघीले मोजलंस ना?"



"त्या ड्रॉवरात," ती म्हणाली, "धुरपताच्या खाली आनखी फॉर्म होते. मी ते पाह्यलेच नाही."