अकरा मिनिटांचा योगायोग

तो आमच्या सहलींच्या ऑफिसात पहिल्यांदा शिरला तो चुकून. चष्म्याचं दुकान शेजारी आहे, पण दोन्ही दारं सारखीच काचेची, आणि त्याचा चष्मा तर त्याच्या हातात होता — एक काडी निखळलेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. ओल्या केसांनी तो माझ्या काउंटरपाशी आला आणि चष्मा पुढे करून म्हणाला, "हे दुरुस्त होईल?"

"इथे फक्त सुट्ट्या दुरुस्त होतात," मी म्हणाले. "चष्मा शेजारी."

तो ओशाळला, वळला… आणि थांबला. आमच्या भिंतीवर रेल्वेचा मोठा नकाशा आहे. एका हाताने चष्मा डोळ्यांवर धरून तो त्या नकाशाला नाक लावून उभा राहिला. त्याची नखं निळी होती. शाई सांडल्यासारखी नव्हे, मुळापासून निळी. मी ते टिपून ठेवलं. मी सगळंच टिपून ठेवते.

त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. एबिसावा त्याचं नाव. एका रविवारी तो म्हणाला, "सात चाळीसच्या गाडीने ताकामात्सुहून आलो, फार दमलोय." आता मी पडले दिवसभर वेळापत्रकं चिवडणारी. ती गाडी रविवारी धावतच नाही. त्या एका गाडीचा धागा ओढत गेले, तर पलीकडच्या टोकाला ताकामात्सु नव्हतंच, आमच्याच ओकायामातली एक बाई होती. लग्न मोडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

"हे बिंगो-ओचियाई," त्याने नकाशावर बोट ठेवलं. "इथे तीन बाजूंनी गाड्या येतात ना?"

"येतात. दिवसातून एकदाच तिन्ही एकत्र असतात. दुपारी."

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"आणि फलाटावर… कोण असतं?"

"कोणी नसतं. डोंगरातलं स्टेशन आहे, तिकीट बघायलाही माणूस नाही."

तो हसला. हसणं छान होतं, म्हणूनच मला ते आवडलं नाही.

"मग मला सहल ठरवायची आहे," तो खुर्ची ओढून बसला. "म्हणजे, दोन. पहिलीत दोन माणसं, दुसरीत एक. पहिली मंडळी इथून निघून दोन दिवस क्योतोत. दुसरं माणूस मियोशीहून निघून दोन दिवस हिरोशिमा आणि मियाजिमात. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडच्यांनी दोन वेगळ्या गाड्यांनी या स्टेशनवर यायचं. तिथून एकाच गाडीने पुढे मात्सुएला. तळ्याकाठी एकच हॉटेल."

"क्योतोहून मात्सुएला जायला हा केवढा मोठा वळसा आहे, माहितीये? शहाणं माणूस या डोंगरातून जात नाही."

"म्हणूनच तर." त्याने आवाज खाली आणला. "एकमेकांचा पत्ता लागता कामा नये. फलाटावर अचानक भेट झाल्यासारखं वाटलं पाहिजे. योगायोग."

"आणि हॉटेलातल्या खोल्या?"

"वेगवेगळ्या. पण… एकाच मजल्यावर मिळतील?"

तो गेल्यावर काजितानीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. ऑफिस त्यांचं आहे आणि दुपारी रहस्यमालिका बघण्याचा हक्कही त्यांचाच.

"खून," बाई म्हणाल्या. "दोन गाड्या, निर्मनुष्य फलाट, मोजून अकरा मिनिटं. माणूस रंगेहाथ… काय ते, निळेहाथ सापडणार बघ."

"बाई, खून करणारा हॉटेलात नाश्त्याला मासा वाफवलेला मिळेल का असं विचारत नाही. हे लफडं आहे."

"लफड्याला एवढं वेळापत्रक लागतं?"

"चांगल्या लफड्याला लागतं," मी म्हणाले. मला अनुभव होता.

तो दर बुधवारी यायला लागला. नाव तामोत्सु हिराइवा. कोजिमात जीन्सचं कापड रंगवण्याच्या कारखान्यात काम करायचा, बुधवारी सुट्टी. म्हणजे नखांचा खुलासा झाला. पण माझं समाधान झालं नाही, कारण बाकी कशाचाच खुलासा होत नव्हता. सहल कोणासाठी? "ओळखीच्यांसाठी." दुसरी व्यक्ती बाई की पुरुष? "बाई." वय? "ते… विचारलेलं आवडणार नाही तिला." कुठेतरी पाणी मुरत होतं.

"हिराइवासान, फलाटावर उतरल्यावर दोघं समोरासमोर येतीलच कशावरून?"

"म्हणूनच तुम्हाला विचारतोय. डबा एकच असतो ना? दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"तुम्ही लोकांना भेटवताय की पकडताय?"

"तुम्ही तिकीट काढताय की जबाब घेताय?"

मी मान खाली घालून लिहायला लागले, कारण मला हसू आलं होतं.

तिसऱ्या बुधवारी त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. उघडून बघते तर सुकवलेला ऑक्टोपस, आठही पाय पसरून.

"आमच्या किनाऱ्यावरचा आहे," तो म्हणाला. "तुमच्यासाठी."

"लोक फुलं आणतात."

"फुलं चावून खाता येत नाहीत."

"लाच आहे का ही?"

"लाच द्यायची असती तर मोठा आणला असता."

त्या दिवशी तो दोन तास बसला. क्योतोतला चहा कुठे प्यायचा, मियाजिमाच्या बोटीत कुठल्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, डोंगरात गाडी कुठे हळू होते… बारीकसारीक सगळं. दुसऱ्या बाईला गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, असं मध्येच बोलून गेला आणि एकदम गप्प झाला. तिची किती काळजी होती त्याला. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. घरी गेल्यावर ऑक्टोपस भाजला, एकटीने चावत बसले, आणि तेव्हा खरं काय ते उमगलं — मी त्या न पाहिलेल्या बाईवर जळत होते. बुधवारी केस नीट बांधायला मी केव्हा सुरुवात केली, तेही मला आठवेना.

चौथ्या बुधवारी हॉटेलसाठी नावं लागली. त्याने फॉर्म भरून दिला आणि कारखान्यातून फोन आला म्हणून घाईत गेला. मी वाचलं. पहिली सहल: तामोत्सु हिराइवा, फुमिए हिराइवा. दुसरी: हिसानो कामेदा, मियोशी.

फुमिए हिराइवा. आडनाव तेच. म्हणजे बायको. हा सद्गृहस्थ बायकोला घेऊन निघणार, वाटेत 'योगायोगाने' दुसरी भेटणार, आणि तिघं एकाच मजल्यावर. मला एबिसावाच बरा वाटायला लागला. निदान तो दोघींना एका गाडीत तरी घालत नव्हता.

"फोन कर त्या हिसानोला," काजितानीबाई म्हणाल्या. "नाहीतर उद्या पेपरात वाचायला लागेल."

फॉर्मवर नंबर होता. गिऱ्हाइकाच्या माणसाला असा फोन करणं आमच्या धंद्यात पाप आहे. मी केला.

"कामेदासान? तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात मात्सुएला निघालाय ना… तुम्हाला फसवलं जातंय. तो माणूस एकटा येणार नाहीये."

"कोण माणूस?" आवाज करकरीत होता.

"हिराइवा. कोजिमाचा. तो बायकोला घेऊन येतोय. फुमिएला."

पलीकडे मागे कुठेतरी किटली शिट्टी मारत राहिली आणि ती कोणी उचलली नाही.

"फुमिएला," बाई सावकाश म्हणाल्या. "बाळ, तुझं वय काय?"

"सत्तावीस."

"माझं एकोणऐंशी. मला फसवायला कोण निघालाय, त्याला बघायला तरी जायला हवं. आणि फुमिए त्याची बायको नाही, आजी आहे. माझी धाकटी बहीण. एकतीस वर्षं झाली, तिनं माझं तोंड बघितलं नाही."

मला काउंटरखाली लपावंसं वाटलं. "मग… तुम्ही जाणार नाही का?"

"ते माझं मी बघते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या बुधवारी मी तामोत्सुला सगळं सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं. तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"त्यांच्या आईचं भाताच्या कोंड्याने भरलेलं मडकं होतं," तो शेवटी म्हणाला. "त्यात भाज्या मुरवायच्या. तीन पिढ्यांचं. आई गेल्यावर थोरलीने ते उचलून नेलं, आणि एका उन्हाळ्यात तिच्याकडे ते नासलं. एवढंच भांडण. दोघीही म्हणतात, आधी तिने मान झुकवावी. गेली दोन वर्षं मी आणि हिसानोआजीची मियोशीची सून मिळून हे जुळवतोय. कोणालाच माहीत नसलं, तर कोणीच झुकलं नाही असं होतं. आता हिसानोआजीला माहीत आहे. ती आली, तर ती झुकली. ती यायची नाही."

"मला माफ करा."

"गेल्या हिवाळ्यात आजीने मला दोनदा 'ताई' अशी हाक मारली. झोपेत नव्हे, जागेपणी." तो उठला. "तुम्ही मला विचारलं असतं तर…"

"मी विचारत होते. तुम्ही सांगत नव्हता."

"वय विचारत होता, खोल्या विचारत होता. 'हे सगळं का करताय' असं एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला सांगितलं असतं."

तिकिटं घेऊन तो गेला. त्यानंतरचे तीन बुधवार आले आणि गेले. काजितानीबाई टीव्ही बंद करून माझ्याकडे बघत बसायच्या, ते मालिकेपेक्षा वाईट होतं. मी त्याच्यावर प्रेम करत होते, आणि ज्या एका माणसाने मला खोटं सांगितलं नव्हतं, त्याचंच मी वाटोळं केलं होतं. चिठ्ठी लिहिता आली असती. पण चिठ्ठी लांबून टाकता येते, आणि मला लांब राहायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात मी रजा काढली. आदल्या दिवशी मात्सुएला मुक्काम केला आणि सकाळी निघून तिसऱ्या बाजूच्या गाडीने बिंगो-ओचियाईला पोचले. डोंगर ढगात होते. ऑक्टोबरचा बारीक पाऊस, ओल्या पाचोळ्याचा वास, आणि फलाटावर मी एकटी. मी खांबाच्या आडोशाला उभी राहिले. खून करणारी माणसं उभी राहत असावीत तशी.

ओकायामाकडची गाडी आली. तामोत्सु उतरला, मग त्याच्या हाताला धरून एक ठेंगणी, गोल आजी. तिला काही माहीत नव्हतं. ती पावसाला नावं ठेवत होती. मियोशीची गाडी दोन मिनिटं उशिरा आली. दार उघडलं. एक हायस्कूलची मुलगी उतरली. मग कोणीच नाही. तामोत्सुने खांदे पाडले, आणि मला वाटलं, संपलं.

मग दारात आधी काठी दिसली.

हिसानोआजी एकेक पाय मोजत उतरल्या. अंगावर ठेवणीतला राखाडी किमोनो होता, केस नुकतेच बसवलेले. डोंगरातल्या गाडीने चुकून प्रवास करणारं माणूस असं नटून येत नाही. त्या सरळ बहिणीसमोर जाऊन थांबल्या.

"अगंबाई, फुमी?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "तू इथे कशी? काय हा योगायोग."

इतका वाईट अभिनय मी काजितानीबाईंच्या टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता.

फुमिएआजी बघत राहिल्या. किमोनो बघितला, केस बघितले, काठीवरचा हात बघितला. त्यांना कळलं. सगळं कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"हो ना, ताई," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा चकितच झाले." आणि ताईचा हात आपल्या काखेत घेऊन म्हणाल्या, "चल आत. भिजलीस तर गुडघे धरतील."

दोघी मात्सुएच्या गाडीत चढल्या. खिडकीतून त्यांच्या पाठी दिसत होत्या, एकमेकींकडे वळलेल्या. मी खांबामागे रडत होते आणि मला ते लपवायचं सुचलं नाही. म्हणूनच त्याने मला पाहिलं.

तो जवळ आला. चष्म्यावर पावसाचे थेंब होते.

"कोझुएसान? तुम्ही इथे…"

योगायोग, असं म्हणायची सोय होती. आत दोन म्हाताऱ्यांनी नुकतंच ते किती सुंदर म्हणून दाखवलं होतं. पण त्यांच्याकडे एकतीस वर्षं होती, आणि चूक माझी होती.

"ठरवून आले," मी म्हणाले. "काल निघाले. तुमची माफी मागायला. आधी मीच मान झुकवते." आणि मी वाकले, अगदी खालपर्यंत. ओल्या फलाटावर त्याचे बूट तेवढे दिसत होते. ते मागे गेले नाहीत.

"पुरे," तो हळूच म्हणाला. "वर बघा. तिला ठाऊक असूनही ती आली. माझ्या बेतात हे नव्हतं. हे तुमच्यामुळे झालं."

मी वर बघितलं. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं उरली होती.

"अजून संशय आहे माझ्यावर?" त्याने विचारलं.

"एका बाबतीत आहे."

"कुठल्या?"

"मला संशय आहे की… की तुम्हालाही मी आवडते."

चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, परत लावला, माझ्याकडे नीट बघितलं — आणि त्याचे कान लाल झाले.

"यावेळी," तो म्हणाला, "तुमचा संशय खरा आहे."

त्याने माझी बॅग उचलली. आम्ही गाडीत चढलो आणि दोघींच्या मागच्या बाकावर बसलो.